थंड हवेतले पाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पामविषयीचे प्रश्न वर्षातून दोनदा रीघ लावून येतात. थंडीच्या तोंडावर विचारतात, ‘झाकू का?’ आणि थंडी ओसरली की विचारतात, ‘गेलं का?’ त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत तीन शब्द सतत येतील. झावळी म्हणजे देठासकट पूर्ण पान. सुई म्हणजे मधोमध उभं असलेलं, अजून न उघडलेलं पान. शेंडा म्हणजे सुईच्या तळाशी, देठांच्या आवरणात दडलेला वाढीचा कोंब. झावळ्या गेल्या तर पुन्हा येतात, शेंडा गेला तर एकखोडी पाम संपतो. म्हणून खालची बहुतेक उत्तरं शेवटी शेंड्यापाशी येऊन थांबतात.

१. जिथे बर्फ पडतो तिथे पाम जगतो, हे खरं आहे का?

खरं आहे, पण मोजक्या जातींपुरतंच. जगात पामच्या सुमारे २,६०० जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक उष्ण प्रदेशातल्या. नारळ आणि सुपारी यांना गोठणबिंदूच्या जवळ जाणंही सोसत नाही. मात्र काही जाती मुळातच डोंगराळ किंवा कडक हिवाळ्याच्या भागातल्या आहेत. कुमाऊँच्या डोंगरात, पिथौरागढच्या परिसरात, साधारण २,००० मीटर आणि त्याहून वर ट्रॅकिकार्पस टाकिल हा पाम रानात वाढतो आणि हिवाळ्यात त्याच्यावर बर्फही पडतो. चीनमधला ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय याच कुळातला. तो तर आज युरोपातल्या कितीतरी बागांत बारा महिने उघड्यावर उभा आहे.

२. सगळ्यात काटक पाम कोणता? मी कोणता लावू?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. काटकपणात पहिला नंबर नीडल पामचा, म्हणजे रॅपिडोफायलम हिस्ट्रिक्सचा. हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला झुडपी पाम. त्याच्या बुंध्याभोवती लांब काळे काटे असतात. जुनं, रुजलेलं झाड उणे २० अंशांच्या आसपासची थंडी सोसून गेल्याची उदाहरणं आहेत. त्याच भागातला सेबल मायनर उणे १५ पर्यंत सहज जातो. त्याचं खोड बहुधा जमिनीखालीच असतं, त्यामुळे शेंडा आपोआप सुरक्षित राहतो.

पण या दोघांची एक अट आहे आणि ती लेबलवर लिहिलेली नसते: त्यांना उन्हाळा कडक लागतो. उन्हाळ्यात पारा विशीच्या वर फारसा जात नसेल तर ते वर्षाला एखाददुसरं पान काढतात, हिवाळ्यात झालेलं नुकसान भरून काढू शकत नाहीत आणि हळूहळू खंगत जातात. थंडी सोसणं आणि थंड हवेत वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हिवाळा सौम्य, पण उन्हाळाही थंड आणि पावसाळी असेल तर ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनायला पर्याय नाही. तो रुजल्यावर उणे १२ ते उणे १५ पर्यंत टिकतो आणि कमी उष्णतेतही वाढत राहतो. ब्रिटनमध्ये सर्वत्र तोच दिसतो, तो यामुळेच. वाऱ्याची जागा असेल तर त्याचाच ‘वॅग्नेरियानस’ हा आखूड, ताठ पानांचा प्रकार घ्या. मोठ्या पानांच्या वाऱ्याने चिंध्या होतात, याची पानं शाबूत राहतात.

पहिलंच झाड असेल तर ट्रॅकिकार्पस घ्या, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. त्याच्याकडून हिवाळा शिकून घ्या आणि मग बाकीच्यांकडे वळा.

३. कॅमरॉप्स, ब्युटिया, जुबिया, वॉशिंग्टोनिया यांचं काय?

कॅमरॉप्स ह्युमिलिस भूमध्य समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यांवरचा, अनेक खोडांचा पाम. उणे १० च्या आसपास टिकतो. ॲटलास पर्वतातला त्याचा निळसर प्रकारही तितकाच भरवशाचा आहे. ब्युटिया ओडोराटा हा पिसासारख्या झावळ्यांचा सर्वात सोपा पाम. उणे ८ च्या पुढे त्याला संरक्षण लागतं. चिलीचा जुबिया उणे १० च्या थोडा खालीही जातो, पण खोड दिसायला बरीच वर्षं जातात. वॉशिंग्टोनियात फिलिफेरा कोरड्या थंडीत उणे ८ पर्यंत चालतो, रोबस्टा मात्र उणे ५ च्या पुढे गेला की झावळ्या टाकतो. कॅनरी बेटांचा खजूरवर्गीय पाम, फिनिक्स कॅनॅरिएन्सिस, उणे ६ च्या आसपास मार खातो.

बलुचिस्तान, अफगाणिस्तान, इराण या पट्ट्यातल्या मझरी पामकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. निळसर, चिवट पानांचा हा पाम कोरड्या कडाक्यात कमालीचा टिकतो, पण ओल्या हिवाळ्यात सडतो. मेक्सिकोच्या ब्राहिया अर्माटाचंही तसंच आहे.

४. सायकस हा पामच ना?

नाही. सायकस रेव्होल्युटाला ‘सॅगो पाम’ म्हणत असले तरी तो सायकॅड या वेगळ्याच वनस्पतिगटातला आहे, पामशी त्याचं नातं नाही. त्याची पानं उणे ५-६ ला करपतात. त्याचे सगळे भाग, विशेषतः बिया, कुत्र्यांसाठी विषारी आहेत. घरात पाळीव जनावर असेल तर हे लक्षात ठेवा.

५. लेबलवर ‘उणे १५’ होतं, माझं झाड उणे ९ लाच गेलं. फसवलं का मला?

बहुधा नाही. लेबलवरचा आकडा जुन्या, रुजलेल्या, निरोगी झाडाचा असतो आणि एखाद्या रात्रीपुरता असतो. तुमचं झाड त्या आकड्याच्या आधी जाण्याची कारणं साधारण अशी असतात.

पहिलं कारण काळ. पहाटे दोन तास उणे ९ आणि दिवसा शून्याच्या वर, ही एक थंडी. चार दिवस पारा शून्यावर आलाच नाही, ही दुसरी. दुसऱ्या प्रकारात गारठा खोडाच्या आतपर्यंत उतरतो आणि जमीनही गोठते. मुळं पाणी ओढू शकत नाहीत आणि पानं मात्र ऊन-वाऱ्यात पाणी गमावत राहतात. अशी झाडं गोठण्याइतकीच तहानेनेही मरतात.

दुसरं कारण ओल. माझ्या मते पाम जाण्याचं हेच सर्वात मोठं कारण आहे आणि त्याकडेच सर्वात कमी लक्ष दिलं जातं. सुईच्या बुडाशी पाणी साचतं, गोठतं, वितळतं, पुन्हा गोठतं. कोवळ्या पेशी फाटतात आणि त्या जखमेतून बुरशी आणि जिवाणू आत शिरतात. झाड थंडीत हिरवंगार दिसतं आणि दीड-दोन महिन्यांनी, हवा सुधारल्यावर कोसळतं. लोक म्हणतात, ‘थंडीत तर चांगलं होतं!’ ते तेव्हाच सडायला लागलेलं असतं.

तिसरं कारण वय. बोटभर जाडीच्या रोपाचा शेंडा जमिनीलगत असतो आणि त्याच्याभोवती देठांचं जाड आवरण नसतं. रोप मोठ्या झाडापेक्षा चार-पाच अंश आधीच मार खाणार, असाच हिशेब धरावा.

चौथं कारण तयारी. पारा आठवड्यामागून आठवडा उतरत गेला तर झाड सरावतं. उबदार पंधरवड्यानंतर एका रात्रीत उणे ८ झालं तर तीच जात मार खाते. काचघरातून आणून ऐन हिवाळ्याच्या तोंडावर लावलेली झाडं याच कारणाने जातात.

६. हवामान-विभागाचा (‘झोन’चा) आकडा पाहून झाड निवडलं तर चालेल ना?

सुरुवातीला उपयोग होतो, भरवसा ठेवू नये. अमेरिकी कृषी खात्याच्या नकाशात विभाग ८ म्हणजे दरवर्षीच्या सर्वात थंड रात्रीची सरासरी उणे १२.२ ते उणे ६.७ अंश. हा सरासरीचा आकडा आहे, म्हणजे काही वर्षं त्याहून वाईट असणारच. शिवाय उन्हाळा किती उबदार, हिवाळा ओला की कोरडा, याबद्दल तो काहीच सांगत नाही. एकाच विभागातल्या दोन गावांत एकीकडे नीडल पाम फोफावतो आणि दुसरीकडे कुढतो, ते म्हणूनच (प्रश्न २).

७. लावायची योग्य वेळ कोणती?

वसंत सरता सरता, जमीन उबदार झाल्यावर. पामची मुळं थंड मातीत जवळजवळ वाढत नाहीत. शरद ऋतूत लावलेलं झाड हिवाळाभर कुंडीतल्याच मुळांवर जगतं, आजूबाजूच्या मातीत ते शिरलेलंच नसतं. सवलतीत मिळालं म्हणून उशिरा विकत घेतलं असेल तर कुंडीतच ठेवून प्रश्न १४ प्रमाणे हिवाळा काढा.

८. जागा कशी निवडू?

घराच्या उबदार भिंतीलगत, म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीपाशी. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. वर छपराची पागोळी किंवा मोठ्या झाडाची फांदी असेल तर आणखी बरं. निरभ्र, स्तब्ध रात्री पानं आपली उष्णता थेट आकाशाकडे गमावतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतात. डोक्यावर काहीतरी आडोसा असला की हे बरंच कमी होतं. फक्त पागोळीचं पाणी नेमकं शेंड्यात पडत नाही ना, ते पाहा.

खोलगट जागा टाळा. गार हवा जड असते, ती उतारावरून वाहत येऊन खोलात साचते. एकाच बागेत वरच्या कोपऱ्यात आणि तळाशी दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. शंका असेल तर कमाल-किमान तापमापक एक हिवाळा दोन्हीकडे ठेवून बघा. लावण्याची जागा तो तुम्हाला कोणाही सल्लागारापेक्षा नेमकी सांगेल.

९. माती आणि खड्डा?

निचरा हवा, बाकी पाम फार कुरकुर करत नाहीत. चिकण माती असेल तर खड्डा खोल करण्याऐवजी आजूबाजूची जमीन वीत-दीड वीत उंच करा आणि झाड त्या उंचवट्यावर लावा. चिकण मातीत खोल खड्डा खणून त्यात भुसभुशीत खतमाती भरली की आजूबाजूचं सगळं पाणी त्याच खड्ड्यात येऊन साचतं. भरड वाळू, बारीक खडी आणि मूळची माती यांचं मिश्रण पुरे.

कुंडीत जितकं खोल होतं तितकंच लावा. ‘वाऱ्याने हलू नये’ म्हणून खोल पुरलेले पाम काही वर्षांनी कारण न कळता खंगतात. खोडाच्या बुडाला हवा लागते आणि नवी मुळं तिथूनच फुटतात.

१०. खत कोणतं आणि कधी?

पामला नत्राइतकंच, किंबहुना जास्तच, पालाश लागतं, शिवाय मॅग्नेशियम आणि मँगनीज. फ्लोरिडा विद्यापीठाने पामसाठी सुचवलेलं नत्र-स्फुरद-पालाशचं प्रमाण ८-२-१२ आणि वर ४ टक्के मॅग्नेशियम असं आहे, तेही हळूहळू विरघळणाऱ्या रूपात. तसं खत मिळालं नाही तर पालाश जास्त आणि स्फुरद कमी असलेलं खत निवडा. वसंतात एकदा आणि उन्हाळ्याच्या मध्यावर एकदा. त्यानंतर नत्र देऊ नका. उशिरा दिलेल्या नत्राने लुसलुशीत वाढ येते आणि पहिल्या कडाक्यात तीच आधी जाते.

११. झाकायला कधी सुरुवात करू?

तारीख पाहून नव्हे, अंदाज पाहून. रुजलेला ट्रॅकिकार्पस उणे ५-६ पर्यंत उघडाच राहू द्या. त्या थंडीनेच तो सरावतो. पारा जातीच्या मर्यादेच्या चार-पाच अंश वर येणार असं दिसलं की झाका. पहिले दोन-तीन हिवाळे मात्र कोणत्याही जातीला थोडं लवकरच झाका.

कडाका सरला की उघडा. महिनोन्महिने गुंडाळून ठेवलेल्या झाडात ओल कोंडते, आणि ओल काय करते ते प्रश्न ५ मध्ये आलं आहे. पावसाची गोष्ट वेगळी. हिवाळा ओला असेल तर शेंड्यावर चारही बाजूंनी मोकळं, फक्त डोक्यावर छप्पर असं पारदर्शक पत्र्याचं झाकण सगळा हिवाळा राहू द्या.

१२. झाकायचं नेमकं कसं?

खालून वर जा.

जमीन: बुंध्याभोवती मीटरभर घेरात कोरडा पालापाचोळा, साल किंवा पेंढा, १५ सेंटिमीटर जाडीचा. थंडीआधी जमीन कोरडी पडली असेल तर आच्छादन घालण्याआधी पाणी द्या. ओलसर जमीन ऊब जास्त धरते आणि जमीन गोठण्याआधी झाडाला पाणी पिऊन घेता येतं. सेबल मायनर आणि छोट्या नीडल पामला बहुतेक ठिकाणी एवढंच पुरतं.

शेंडा: आधी कोरडा असल्याची खात्री करा. पावसानंतर लगेच झाकू नका. झावळ्या अलगद वर उचलून सुतळीने सैल बांधा, शेंड्याच्या भोवती एक आवरण होईल इतपतच. सुईच्या आजूबाजूला कोरडा पेंढा खोचा. कापूस किंवा चिंध्या नकोत, त्या पाणी धरतात.

भोवती: बागेसाठी मिळणारं पांढरं फ्लीस (पातळ कापड), चौरस मीटरला ३० ते ५० ग्रॅम वजनाचं, दोन-तीन थरांत. यातून हवा खेळते. नुसत्या फ्लीसने साधारण दोन ते चार अंशांचा फरक पडतो, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

प्लास्टिक थेट पानांना लावू नका. पान जिथे प्लास्टिकला टेकतं तिथेच गोठतं आणि ऊन पडलं की आत भट्टी होते. प्लास्टिक वापरायचंच तर बांबूचा किंवा लाकडी सांगाडा उभारून, पानांपासून दूर, आणि दिवसा वरची बाजू उघडता येईल असं.

१३. दिव्यांची माळ गुंडाळतात, ती कशासाठी? एलईडी चालेल?

ऊब देण्यासाठी, म्हणून एलईडी चालत नाही. जुन्या तंतूच्या बल्बमध्ये जवळजवळ सगळी वीज उष्णतेतच जाते. त्यामुळे अशी माळ खोडाभोवती आणि शेंड्याजवळ सैल गुंडाळून वर फ्लीस घातलं तर आतला पारा बाहेरच्यापेक्षा बराच वर राहतो. आता तसे बल्ब मिळणं अवघड होत चाललं आहे. त्याऐवजी गोठू नयेत म्हणून पाण्याच्या नळांना लावतात ती तापणारी केबल घ्या, थर्मोस्टॅटसह. पारा शून्याच्या आसपास येताच चालू आणि चार-पाच अंशांवर बंद, एवढंच हवं. झाडाला उबदार ठेवायचं नाही, मरू द्यायचं नाही इतकंच.

सगळी उपकरणं उघड्यावर वापरण्याजोगी असावीत, वीजगळती होताच आपोआप बंद होणारा स्विच असावा आणि कोरडा पेंढा गरम बल्बला टेकू नये. पेंढ्याने पेट घेतला तर झाड तर जाईलच, भिंतही जाईल.

१४. कुंडीतल्या पामसाठी वेगळं काय?

बरंच. जमिनीतल्या मुळांभोवती सगळ्या पृथ्वीची ऊब असते. कुंडी चहूबाजूंनी गार होते आणि एका रात्रीत आरपार गोठते. मुळं पानांइतकी काटक नसतात. जमिनीत उणे १५ सोसणारा ट्रॅकिकार्पस कुंडीत उणे ५ च्या पुढे धोक्यात येतो. पारा तिथवर उतरण्याआधी कुंडी गॅरेज, पडवी, जिन्याखालची जागा, अशा न तापवलेल्या पण न गोठणाऱ्या ठिकाणी हलवा. उजेड थोडा असला तरी चालतो. पाणी महिन्यातून एक-दोनदा, माती जेमतेम ओलसर राहील इतकंच.

हलवता येत नसेल तर कुंडी जमिनीवरून उचलून लाकडी फळीवर ठेवा. मग कुंडीला (झाडाला नव्हे) बबल रॅपचे तीन-चार थर गुंडाळा आणि भिंतीला चिकटवून ठेवा.

१५. मग सरळ दिवाणखान्यातच आणलं तर?

काटक पामला ते मानवत नाही. उबदार, कोरडी हवा आणि अपुरा उजेड यांत लाल कोळी आणि खवले कीड ताबडतोब येते. पानं उलटून पाहिलीत तर शिरांलगत बारीक जाळं आणि पिवळे ठिपके दिसतील. शिवाय झाड थंडीचा सराव विसरतं आणि वसंतात बाहेर नेलं की उन्हानेच करपतं.

१६. रात्रीतून बर्फ साचला. झाडून टाकू की राहू देऊ?

भुसभुशीत बर्फ हलक्या हाताने खालून वर उचलत झटका, नाहीतर ओझ्याने देठ मोडतात. गोठून घट्ट चिकटलेला बर्फ मात्र ओढू नका, गोठलेलं पान काचेसारखं तुटतं. शेंड्यात साचलेला बर्फ काढायलाच हवा, कारण तो वितळून आतच पुन्हा गोठतो. बुंध्याभोवतीचा बर्फ राहू द्या, तो उत्तम पांघरूण आहे.

१७. थंडी गेली आणि सगळ्या झावळ्या तपकिरी झाल्या. कापू का?

लगेच नको. अर्धवट हिरवं पानही झाडाला अन्न पुरवतं, आणि मेलेल्या झावळ्या पुढच्या थंड लाटेत शेंड्याचं संरक्षण करतात. धोका पूर्ण टळल्यावर पूर्ण तपकिरी झालेल्याच कापा. देठ खोडाला घासून न कापता थोडा राखून कापा. पामच्या खोडाला झालेली जखम आयुष्यात भरून येत नाही. आंब्या-वडासारखी नवी साल धरणारा थर त्याच्यात नसतोच.

झाड जिवंत आहे का, याचं उत्तर झावळ्यांत नाही, सुईत आहे. पुढचा प्रश्न वाचा.

१८. सुई ओढली तर हातात आली. झाड मेलं का?

अजून नाही, पण आता दिवस महत्त्वाचे आहेत.

निघालेल्या सुईचं बूड नीट बघा. निरोगी सुई ओढून निघतच नाही. कुजलेलीचं टोक तपकिरी, बुळबुळीत असतं आणि त्याला आंबलेला वास येतो. आजूबाजूची, त्याच्या आधीची पानंही एकेक करून हलकेच ओढून पाहा. सैल असतील ती काढा, घट्ट असतील त्यांना हात लावू नका. आत विजेरीचा झोत टाकला की तळ दिसतो. तो पांढरट आणि टणक असेल तर चांगली आशा आहे. काळसर चिखल दिसत असेल तर शक्य तितका चमच्याने किंवा फडक्याने टिपून काढा.

मग पोकळीत ताम्रयुक्त बुरशीनाशक, उदाहरणार्थ कॉपर ऑक्सिक्लोराइड, वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात ओता आणि आठ-दहा दिवसांनी आणखी एकदा. त्यापुढे ओतत राहू नका, साचलेल्या तांब्यानेही कोवळ्या पेशींना इजा होते. बरेच जण त्याआधी ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ओततात. फेस येऊन घाण वर येते, तेवढा त्याचा उपयोग. त्यानंतर सर्वात महत्त्वाचं: वर छप्पर धरा आणि पाऊस आत जाऊ देऊ नका. पाणी द्यायचं ते फक्त मुळांशी.

खोड वरून कापत कापत निरोगी भागापर्यंत जाण्याचा उपायही सांगितला जातो. पोकळी इतकी खोल असेल की ती कोरडी ठेवताच येत नाही, तेव्हाच तो विचारात घ्या. शेंडा नेमका कुठे आहे ते बाहेरून कळत नाही, आणि एक काप खाली गेला की वाचलेलं झाडही मरतं.

१९. किती दिवस वाट पाहू?

निदान उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत, थंड प्रदेशात अख्खा उन्हाळा. सुई शाबूत असेल तर एक सोपी खूण करा. पक्क्या शाईच्या पेनाने सुईवर आणि तिला लागून असलेल्या जुन्या देठावर एकाच उंचीवर आडवी रेघ ओढा. पंधरा दिवसांनी सुईवरची रेघ देठावरच्या रेघेपेक्षा केसभर जरी वर सरकलेली दिसली, तरी शेंडा जिवंत आहे. सुई गेलेली असेल तर पोकळीच्या तळातून हिरवट टोक डोकावण्याची वाट पाहा.

पहिली एक-दोन पानं आखूड, वाकडी, टोकं कापल्यासारखी येतील. ती शेंड्यात घडत असतानाच थंडी लागलेली असते. घाबरू नका, त्यानंतरची सुधारतात.

२०. मुख्य खोड गेलं, पण बाजूने फुटवे येतील का?

कॅमरॉप्स आणि नीडल पामला येतात, त्यांचा स्वभावच बेटाने वाढायचा आहे. ट्रॅकिकार्पस, ब्युटिया, जुबिया, वॉशिंग्टोनिया एकखोडी आहेत, त्यांना दुसरी संधी नाही.

२१. ट्रॅकिकार्पसच्या खोडावरचे काथ्यासारखे तंतू काढून खोड गुळगुळीत करू का?

उष्ण जागी हौस म्हणून चालेल, थंड जागी राहू द्या. हे तंतू खोडाला थोडी ऊब देतात. चीनमध्ये शतकानुशतकं याच तंतूंपासून दोर, ब्रश आणि पावसात घालायच्या इरल्या केल्या जात. इतक्या चिवट वस्तूचं पांघरूण झाडाने स्वतःच घेतलं आहे.

२२. पानं पिवळी पडताहेत. थंडीच का?

जुनी की नवी ते आधी बघा. फक्त जुन्या पानांवर नारिंगी ठिपके आणि वाळकी टोकं असतील तर पालाश कमी आहे. जुन्याच पानांच्या कडा रुंद पिवळ्या आणि मध्य हिरवा, तर मॅग्नेशियम. नवी पानं आखूड, चुरगळलेली, करपल्यासारखी येत असतील तर मँगनीज, आणि ते बहुधा चुनखडीच्या मातीत होतं. पिवळी जुनी पानं कापू नका. झाड त्यांतलाच पालाश काढून नव्या पानांना देत असतं, तुम्ही कापलीत तर ते वरच्या पानांतून काढायला लागतं. खताचं प्रश्न १० मध्ये पाहा.

२३. नव्या पानावर एका ओळीत भोकं आहेत. कोणती कीड?

पंख्यासारखं पान उघडल्यावर सरळ ओळीत भोकं दिसली तर सुई मिटलेली असताना कुणीतरी आरपार पोखरलं आहे. युरोपात हे काम बहुधा पेसँडिसिया या पतंगाच्या अळीचं असतं. हा दक्षिण अमेरिकेतून झाडांबरोबर आलेला मोठा पतंग आहे, मागचे पंख नारिंगी. ट्रॅकिकार्पस आणि कॅमरॉप्स त्याच्या खास आवडीचे. खोडावर भुसा दिसेल. नारळवाल्यांना माहीत असलेला सोंड्या भुंगाही आता भूमध्य समुद्राभोवती पसरला आहे आणि कॅनरी पामचा तो मोठा शत्रू आहे. दोन्हींचा वसा एकच: कीड दिसेपर्यंत शेंडा पोखरलेला असतो. अशी कीड कळवणं काही देशांत सक्तीचं आहे, आपल्या भागातला नियम पाहा.

२४. दरवर्षी फुलतो, पण फळ धरत नाही. थंडीमुळे?

बहुधा थंडीमुळे नाही. ट्रॅकिकार्पसची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. पिवळे धमक, दाट तुरे असतील तर नर. हिरवट, विरळ असतील तर मादी. फळासाठी जवळपास दोन्ही हवेत. सेबल आणि ब्युटियाला एकटं झाडही पुरतं.

२५. मोठं झाड दुसरीकडे हलवता येईल?

जातीवर अवलंबून आहे. ट्रॅकिकार्पस उन्हाळ्याच्या सुरुवातीला, मुळांचा मोठा गोळा धरून हलवला तर सहसा लागतो. सेबलचं तसं नाही. त्याची कापलेली मुळं जवळजवळ सगळी बुडापर्यंत मरतात आणि खोडातून नवी मुळं फुटेपर्यंत झाड फक्त साठ्यावर जगतं. म्हणून सेबल पाल्मेटो हलवताना सगळ्या झावळ्या काढून टाकतात. दिसायला क्रूर वाटतं, पण तसं न केल्यास पानं खोडातलं पाणी संपवतात. हलवल्यानंतरचा पहिला हिवाळा कोणताही पाम नव्या रोपासारखाच समजा आणि प्रश्न १२ प्रमाणे झाका.

२६. झाडाखाली आपोआप रोपं उगवली आहेत. ठेवू की काढू?

हवी तेवढी ठेवा, बाकीची लहान असतानाच उपटा. पक्षी ट्रॅकिकार्पसची फळं खाऊन बिया दूरवर नेतात, आणि सौम्य हिवाळ्याच्या जंगलांत त्याची दाटी होते. स्वित्झर्लंडच्या टिचिनो भागात तसंच झालं. संपूर्ण स्वित्झर्लंडमध्ये १ सप्टेंबर २०२४ पासून ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय विकणं, देणं आणि आयात करणं बंद आहे. आधीपासून बागेत असलेली झाडं मात्र ठेवता येतात. तुमच्या आसपास जंगल असेल तर मादी झाडाचे फळांचे घोस पिकण्याआधी कापून टाका. त्याने झाडाला काही होत नाही.